पालकाची सही

सकाळी सहा दहा, घणसोली, सेक्टर नऊ.
कुरुपकाकांची शीर सापडत नाही.
डावा हात, मग उजवा,
मग मनगटामागची एक निळी रेघ, लाजरी,
बोटाला आधी कळते, डोळ्यांना नंतर.
एकोणीस वर्षं मी लोकांचं रक्त नेतेय
दुसऱ्यांनी वाचावं म्हणून.

"काय आलंय गं रिपोर्टात?"
"डॉक्टरांना दाखवा."
हे वाक्य मी किती दारांत उभी राहून म्हटलं
त्याचा हिशेब ठेवला असता
तर माझी कॉमर्सची बारावी तरी कामी आली असती.

हो, कॉमर्स.
म्हणून मुक्त विद्यालयातून पुन्हा बारावी,
अडतिसाव्या वर्षी.
वाशीच्या प्रयोगशाळेत दोऱ्याला लटकवलेला गोळा,
वीस झोके, किती सेकंद.
शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, तुमचा मुलगा आत आहे का?"
"नाही रे. अकरा, बारा... थांब, चुकले."
पुन्हा पहिल्यापासून.

क्लास कोपरखैरण्यात, रात्री, तिसऱ्या मजल्यावर.
शेवटचा बाक, पायाशी सॅम्पलची रिकामी थंड पेटी.
घर्षण काही केल्या डोक्यात शिरेना.
सरांनी दोन तास घेतले. फळा पांढरा झाला.
शेवटी हरेश्वरने कांदा-बटाटा मार्केटात
एक पोतं ओढून दाखवलं:
"हलेपर्यंत जड. एकदा हललं की तेवढं नाही."
बास, एवढंच होतं.

सासूबाई भाकरी थापता थापता विचारायच्या,
"काळजाला कप्पे चार ना? मग माझ्या बायपासला
त्यांनी तीनच का जोडले?"
पुस्तकात शोधून सांगितलं, ते कप्पे नव्हेत, रक्तवाहिन्या.
"मग आधीच सांगायचं की मेल्यांनी."

वयाची अट नाही, असं माहितीपत्रकात छापलंय.
न छापलेली अट शेजारणींच्या भुवयांत असते,
आणि पहिल्या वर्षी माझ्याही होती,
एकशे एकवीस मार्क कमी पडले तेव्हा.
आरशात बघून मीच म्हटलं, झाली हौस?
दुसऱ्या वर्षी आरसा पुसला नाही, वेळच नव्हता.

आणि मग यादीत, खालून शोधत गेले तर मधेच कुठेतरी,
म्हात्रे हेमांगी हरेश्वर.
कळवा.

प्रवेशाच्या दिवशी रांगेतली एक बाई सरकली,
"बसा ना, मुलगी कुठंय तुमची?"
मी फाईल मांडीवर घेऊन बसले.
किती वेळ उत्तरच सुचलं नाही.

खिडकीत एक कागद: मी रॅगिंग करणार नाही.
खाली विद्यार्थ्याची सही. त्याखाली पालकाची.
"पालक कोण आलंय?" क्लार्कने मान वर न करता विचारलं.

हरेश्वरला टेम्पोतून बोलावला.
दोन मुलांच्या सगळ्या प्रगतीपुस्तकांवर मिळून
ज्याची एकही सही नाही, तो माणूस
चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून
कागद वाचायला लागला. अख्खा. मागची बाजूसुद्धा.
रांग चुळबुळली.
"लहान विद्यार्थ्यांवर दादागिरी करणार नाही,
हे मी हिच्या वतीने कसं लिहून देऊ?" म्हणाला.
क्लार्कने आता मान वर केली.
सही चौकटीबाहेर गेली, शेवटचं अक्षर
माझ्या नावावर चढलं.
चालेल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सहा दहा, सेक्टर नऊ.
कुरुपकाकांना पेढा चालत नाही. तरी अर्धा घेतला.
"मग आता कोण येणार माझ्याकडे? पाच वर्षं?"
"साडेपाच."
काका स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.
"तेवढा टिकेन का गं मी?"

जुनं वाक्य जिभेवर आलं होतं,
आपोआप, सवयीचं.
गिळलं.

"मूठ आवळा," म्हटलं.
"अजून. हं."